टँकरवरचे चार आकडे

दिघोरीवरून जाणारा साकोली–लाखांदूर रस्ता काही फार मोठा नाही. पण त्यावरून काय काय जाते याच्या कथा मोठ्या आहेत. ज्वाळेची किंवा कवटीची चौकोनी पाटी लावलेला ट्रक दिसला, की चहाच्या टपरीवर कोणी ना कोणी म्हणतेच, "बम आहे जी त्यात. फुटला तं अर्धं गाव साफ." मग विषय वाढतो. कोणी सांगतो, तो जवाहरनगरच्या फॅक्टरीचा माल. कोणी म्हणतो, अणूचा कचरा रात्री नेतात, म्हणून ताडपत्री. एकाने मला अगदी गंभीरपणे सांगितले होते, की अशा गाडीच्या मागे पाच मिनिटे मोटारसायकल चालवली तर वर्षभरात केस जातात. आणि त्याच रस्त्याने वीस हजार लिटर पेट्रोलचा टँकर जातो तेव्हा कोणी मान वर करून पाहत नाही.

या दोन वागण्यांतली तफावत मला गेली कित्येक वर्षे छळते आहे. मी रसायनशास्त्राचा पदवीधर नाही. मोटार वाहन नियमांचे पुस्तक, अपघातांच्या चौकशीचे अहवाल, वर्तमानपत्रांची कात्रणे आणि रस्त्यावर थांबलेल्या चालकांशी गप्पा, एवढ्या भांडवलावर हा अभ्यास झाला. त्यातून एक गोष्ट लक्षात आली. धोकादायक मालाबद्दल लोक घाबरतात हे चूक नाही. ते चुकीच्या गाडीला, चुकीच्या कारणासाठी आणि चुकीच्या वेळी घाबरतात.

सुरुवात 'बम'पासूनच करू. आमच्या जिल्ह्यात स्फोटके लागतात, हे खरे. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथे मॅंगनीजच्या खाणी आहेत, दगडखाणी आहेत, विहिरीत कातळ लागला की सुरुंग लावावा लागतो. चंद्रपूरकडे कोळसा, गडचिरोलीत लोहखनिज. नागपूरच्या आजूबाजूला तर स्फोटके बनवणारे कारखानेच कारखाने, आणि या साऱ्यावर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालयही नागपुरातच. तेव्हा या भागातून स्फोटकांच्या गाड्या जाणार, यात गूढ काही नाही.

गैरसमज आहे तो धक्क्याबद्दल. खड्ड्यात चाक आदळले की गाडी फुटते, असे लोक मानतात. ही समजूत मुळात एकोणिसाव्या शतकातली आहे आणि तेव्हा ती खरी होती. नायट्रोग्लिसरीन हे तेलासारखे द्रव नुसत्या आदळण्याने फुटे. १८६६ साली सॅन फ्रान्सिस्कोत त्याची गळकी पेटी उघडताना पंधराएक माणसे मेली. म्हणूनच आल्फ्रेड नोबेलने ते द्रव सच्छिद्र मातीत जिरवून १८६७ मध्ये डायनामाइटचे पेटंट घेतले. वाहून नेता यावे, हाच त्यातला मुख्य हेतू होता. त्यानंतरची दीडशे वर्षे स्फोटकांच्या शास्त्राची एक मोठी दिशा हीच राहिली, की माल फुटायला अधिकाधिक कठीण व्हावा. आज मोठ्या खाणींवर जाणाऱ्या टँकरमध्ये पुष्कळदा पूर्ण तयार स्फोटक नसतेच. अमोनियम नायट्रेटचे दाट पाणी तेलात घोटलेले असते. त्याला 'इमल्शन' म्हणतात. वाहतुकीच्या वर्गवारीत ते स्फोटकांत न बसता ऑक्सिडायझरमध्ये, म्हणजे जळायला मदत करणाऱ्या पदार्थांत बसते. छिद्रात ओतताना त्यात बारीक बुडबुडे तयार करणारे रसायन मिसळतात, तेव्हा कुठे ते स्फोटक होते. आणि ते पेटवणारे डिटोनेटर वेगळे न्यायचे असतात.

मग धोका कशाचा? आगीचा. हे समजण्यासाठी मुंबईला जावे लागेल, १४ एप्रिल १९४४ च्या दुपारी.

'फोर्ट स्टिकिन' नावाचे जहाज इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून फेब्रुवारीत निघाले होते. पोटात सुमारे १४०० टन स्फोटके आणि दारूगोळा. अर्धे जग ओलांडताना लाटांचे किती धक्के त्याने खाल्ले असतील याची कल्पना करा. काही झाले नाही. वाटेत कराचीला त्यात कापसाच्या ८७०० गाठी चढवल्या. आम्हा विदर्भातल्या माणसांना कापसाची गाठ ओळखीची आहे: ती वरून शांत दिसते आणि आतून दोन-दोन दिवस धुमसते. जहाज १२ एप्रिलला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये लागले. १४ तारखेला दुपारी, स्फोटके आणि कापूस जिथे एकत्र होते त्या दुसऱ्या क्रमांकाच्या कप्प्यातून धूर दिसला. बंब आले, टनावारी पाणी ओतले गेले. जहाज बुडवावे की समुद्रात ओढून न्यावे यावर अधिकाऱ्यांत एकमत होईना. चार वाजून काही मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. मृतांचे आकडे आठशेपासून तेराशेपर्यंत दिले जातात. त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यांच्याच स्मरणार्थ.

जहाजात सोन्याच्या विटा होत्या आणि त्या शहरभर उडाल्या, ही गोष्ट सगळे सांगतात. माझ्या मते सांगण्यासारखी गोष्ट दुसरीच आहे. धूर दिसल्यापासून स्फोटापर्यंत सुमारे दोन तास हातात होते, आणि त्या दोन तासांत गोदीत कामावर असलेल्या हजारो लोकांना 'इथून जा' असे कोणी सांगितले नाही. बघ्यांची गर्दी तर होतीच.

म्हणून स्फोटकांची गाडी खड्ड्यातून गेली तर दचकायचे कारण नाही. पण तिच्या टायरला किंवा मालाला आग लागलेली दिसली, तर थांबायचेही कारण नाही. उत्तर अमेरिकेतल्या अग्निशमन दलांच्या मार्गदर्शिकेत अशा वेळी अंतर दिले आहे सोळाशे मीटर, आणि आग मालापर्यंत पोचली असेल तर ती विझवायलाही जाऊ नका, असे बजावले आहे. आपल्याकडे लोक मोबाइल काढून पुढे जातात.

इथे एक आक्षेप मला हमखास ऐकायला मिळतो: "मग जवाहरनगरला काय झालं?" प्रश्न रास्त आहे. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत स्फोट होऊन आठ कामगार गेले. त्याआधी १७ डिसेंबर २०२३ ला नागपूरजवळ बाजारगावच्या कारखान्यात नऊ जण गेले. जिल्ह्यातल्या लोकांच्या मनात भीती आहे ती या मृत्यूंची, आणि तिला मी खोटी म्हणणार नाही. पण हे अपघात कारखान्याच्या आतले आहेत. तिथे पदार्थ मिसळले, दाबले, वाळवले, भरले जातात. तो सर्वांत नाजूक टप्पा असतो. गाडीत जातो तो बांधलेला, थंड, स्थिर माल. कारखान्यातल्या कामगाराचा धोका रस्त्यावरच्या ट्रकवर चिकटवला, की दोघांचेही नुकसान होते. ट्रकला पाहून आपण बोटे मोडतो, आणि कामगाराच्या सुरक्षिततेची चर्चा मात्र चार दिवसांत विझते.

आता त्या पेट्रोलच्या टँकरकडे वळू. माझ्या हिशेबी आमच्या रस्त्यावरची खरी धोकादायक गाडी हीच.

काही वर्षांपूर्वी, रोवणीच्या दिवसांत, आमच्याच बाजूला एक टँकर रस्ता सोडून बांधीत कलंडला. चिखल मऊ होता म्हणून चालक वाचला. मी पोचलो तेव्हा तिथे दुधाच्या कॅन, पाण्याच्या घागरी, खताच्या रिकाम्या बादल्या घेऊन चाळीसेक माणसे होती. बाया होत्या, पोरे होती. एकाच्या तोंडात बिडी होती. टँकर डिझेलचा होता म्हणून निभावले. साध्या हवेत डिझेल सहजासहजी पेट घेत नाही. पेट्रोल असते तर गोष्ट वेगळी. पेट्रोलची वाफ उणे चाळीस अंशांच्या आसपासही पेटू शकते. ती हवेपेक्षा तिप्पट-चौपट जड असते, म्हणून वर उडून न जाता जमिनीलगत पाण्यासारखी उताराकडे वाहते आणि बांधीसारख्या खोलगट जागेत साचते. आपण जिथे उभे आहोत तिथे आग नाही, एवढ्यावर समाधान मानून चालत नाही; शंभर पावलांवर चुलीत जाळ असला तरी पुरे.

२५ जून २०१७ रोजी पाकिस्तानात बहावलपूर जिल्ह्यातल्या अहमदपूर शर्कियाजवळ असाच टँकर उलटला. ईदच्या आदल्या दिवसाची सकाळ. आसपासच्या वस्त्यांतली माणसे भांडी घेऊन धावली. दोनशेहून अधिक जळून मेली. नायजेरियात ऑक्टोबर २०२४ मध्ये माजिया गावी तेच घडले. तिथे मृतांचा आकडा दीडशेच्या पुढे गेला. या माणसांना पेट्रोल पेटते हे ठाऊक नव्हते काय? सर्वांना ठाऊक होते. रोज हाताळलेल्या वस्तूची भीती वाटत नाही, एवढेच. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोविक यांनी १९८७ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात या स्वभावाची मांडणी केली. धोका जितका अनोळखी, अदृश्य, आणि आपल्या हाताबाहेरचा, तितका तो मोठा वाटतो. ओळखीचा आणि स्वतः पत्करलेला धोका लहान वाटतो. आमच्याकडे किराणा दुकानात पाण्याच्या बाटलीत पेट्रोल विकायला ठेवतात, शेजारी उदबत्ती लावलेली असते. स्लोविकांना ते दुकान दाखवायला हवे होते.

याच्याच जोडीचा समज म्हणजे रिकामा टँकर निर्धोक. भरलेल्या टाकीत द्रव काठोकाठ असते, हवा थोडी. रिकाम्या टाकीत वाफ आणि हवा यांचे मिश्रण असते, आणि पेट घ्यायला नेमके तेच लागते. हायवेलगतच्या वेल्डिंगच्या दुकानात जुना ड्रम कापताना होणारे अपघात याच प्रकारातले.

गॅसच्या टँकरबद्दल मात्र लोकांची भीती बरीचशी योग्य आहे. फक्त तिचा क्रम चुकतो. गॅस सुटला की त्याच क्षणी स्फोट होतो, असे नाही. हवेत त्याचे प्रमाण साधारण दोन ते साडेनऊ टक्क्यांच्या मध्ये असेल आणि ठिणगी मिळाली, तरच तो पेटतो. त्यामुळे मधे काही मिनिटे मिळतात, आणि ती मिनिटेच सर्व काही असतात. २० डिसेंबर २०२४ रोजी जयपूरजवळ भांक्रोटा इथे वळण घेणाऱ्या गॅस टँकरला ट्रकने धडक दिली. व्हॉल्व्ह तुटले आणि पांढरा ढग रस्त्यावर पसरला. मागे गाड्या रांगेने उभ्या होत्या, इंजिने चालू. ढग पेटला आणि वीसच्या आसपास माणसे गेली. गॅसचा वास आला किंवा जमिनीलगत पांढरे धुके दिसले, तर गाडी चालू न करता, पायी, वाऱ्याच्या आडव्या दिशेने निघून जायचे. हे सांगायला सोपे आहे. भाड्याची गाडी रस्त्यात सोडून पळायला जो धीर लागतो तो आधी ठरवून ठेवलेला असावा लागतो.

पांढरे धुके म्हटले, की मला एप्रिल २०२१ आठवतो. नागपूर आणि विदर्भातल्या रुग्णालयांना तेव्हा भिलाईच्या पोलाद कारखान्यातून द्रवरूप ऑक्सिजन येत होता. भिलाईहून नागपूरचा महामार्ग साकोली-भंडाऱ्यावरूनच जातो. म्हणजे तो प्राणवायू आमच्याच दारावरून गेला. त्या टँकरवरही धोक्याच्याच पाट्या होत्या, आणि त्या खोट्या नव्हत्या. आत उणे १८३ अंशांचे द्रव असते. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण दुसऱ्याला असा जाळतो की द्रव ऑक्सिजन सांडलेले डांबरसुद्धा नुसत्या आघाताने पेटू शकते. तरी त्या दिवसांत त्या गाडीला पाहून कोणी रस्ता सोडला नाही. लोकांनी हात जोडले. २१ एप्रिलला नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीतून गळती झाली तेव्हा दूरचित्रवाणीवर पांढऱ्या ढगाची चित्रे दिसली आणि बऱ्याच जणांचा समज झाला, की लोक त्या वायूने गुदमरून मेले. तसे नव्हते. गळतीमुळे नळीतला दाब गेला, वॉर्डात प्राणवायू पोचला नाही, आणि बावीसहून अधिक रुग्ण त्या अभावाने गेले.

आता थोडे अवघड प्रकरण. आतापर्यंतच्या उदाहरणांत लोक चुकतात आणि शास्त्र बरोबर ठरते, असे चित्र उभे राहिले असेल. ते मला पुरते मान्य नाही, आणि त्याचे कारण भोपाळ.

डिसेंबर १९८४ च्या दुर्घटनेनंतर युनियन कार्बाइडच्या आवारात जो कचरा गोळा करून ठेवला होता, त्याचे काय करायचे हा प्रश्न चाळीस वर्षे रेंगाळला. तो आधी गुजरातेत अंकलेश्वरला जाळायचा घाट होता. तिथल्या सरकारने नकार दिला. २०११ मध्ये तो नागपूरजवळ बोरखेडीच्या संरक्षण संशोधन संस्थेच्या भट्टीत जाळावा असे ठरले, आणि विदर्भात काहूर उठले. मोर्चे, निवेदने, न्यायालयात याचिका. अखेर महाराष्ट्रानेही नाही म्हटले. २०१२ मध्ये तो विमानाने जर्मनीला न्यायची बोलणी झाली, तीही फिसकटली. शेवटी मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या आदेशावरून १ जानेवारी २०२५ च्या रात्री बारा बंद कंटेनरमधून ३३७ टन कचरा निघाला आणि अडीचशे किलोमीटरवरच्या पीथमपूरला पोचला. पुढे-मागे पोलीस, रुग्णवाहिका, बंब. तिसऱ्या दिवशी पीथमपूर बंद होते आणि दोन जणांनी अंगावर पेट घेण्याचा प्रयत्न केला.

लोकांच्या मनात काय होते? 'भोपाळचा गॅस' गावातून जाणार. २०११ मध्ये आमच्याकडेही हेच बोलले जात होते. यातला समज निखालस चुकीचा होता. मिथाइल आयसोसायनेट एकोणचाळीस अंशांना उकळते आणि पाण्याशी लगेच क्रिया करते. ते उघड्या शेडमध्ये चाळीस वर्षे टिकूच शकत नाही. कंटेनरमध्ये होती दूषित माती, सेव्हिन या कीटकनाशकाचे आणि नॅप्थॉलचे अवशेष, संयंत्रातला गाळ आणि अर्धवट तयार झालेला माल. हा सगळा घनरूप. कंटेनर उलटला असता तर फावड्याने भरता आला असता. वाहतुकीपुरते पाहिले तर आमच्या रस्त्यावरच्या पेट्रोलच्या टँकरपेक्षा तो कमी धोक्याचा होता, असे मी निःशंकपणे म्हणतो.

पण लोक वाहतुकीला घाबरत होते, की पोचल्यानंतर होणाऱ्या गोष्टींना? भट्टीच्या धुरात काय असेल, राख कुठे पुरतील, आमच्या विहिरीत काय उतरेल, हे त्यांनी विचारले तर त्यात गैरसमज कोणता? कचरा जूनअखेर जाळून झाला. चुना वगैरे मिसळल्यामुळे उरलेली राख मूळ कचऱ्याच्या दुपटीहून अधिक भरली आणि ती कुठे गाडायची यावरून पुन्हा न्यायालयात वाद. शिवाय ज्या ३३७ टनांसाठी एवढा ताफा निघाला, तो प्रश्नाचा बारीकसा तुकडाच होता. नागपूरच्या 'नीरी'ने हैदराबादच्या भूभौतिकी संस्थेबरोबर केलेल्या २०१० च्या अहवालात भोपाळच्या आवारातली दूषित माती सुमारे अकरा लाख टन सांगितली आहे. ती कधी ट्रकमध्ये चढली नाही, म्हणून तिच्यासाठी कोणत्या महामार्गावर मोर्चा निघाला नाही. ती जिथे आहे तिथेच खालच्या पाण्यात झिरपते.

सरकारी माणसे अशा वेळी 'अफवांवर विश्वास ठेवू नका' एवढे म्हणून मोकळी होतात. अफवा माहितीच्या रिकाम्या जागेत वाढते. कंटेनरमध्ये काय आहे याची यादी एका पानावर मराठीत किंवा हिंदीत आधी गावोगाव लावली असती, तर निम्मी भीती वितळली असती, आणि उरलेली निम्मी योग्य प्रश्नांकडे वळली असती.

गंमत अशी, की रोजच्या टँकरच्या बाबतीत ही यादी कायद्याने लावलेलीच आहे, ती आपण वाचत नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत धोकादायक मालासाठी स्वतंत्र नियम आहेत. त्यांतल्या १३४ व्या नियमाप्रमाणे अशा गाडीवर एक माहितीची पाटी असावी लागते. तिच्यावर मालाचे नाव, चार आकडी संख्या, बंबवाल्यांसाठी सांकेतिक अक्षरे आणि संकटात फोन करायचा क्रमांक. चार आकडी संख्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या यादीतली. जगभर तीच चालते. १२०३ म्हणजे पेट्रोल. १२०२ डिझेल. १०७५ स्वयंपाकाचा गॅस. १०७३ द्रव ऑक्सिजन. १०१७ क्लोरीन, जो आपल्या पिण्याच्या पाण्यासाठी जातो. १००५ अमोनिया, शीतगृहांसाठी. १८३० गंधकाचे आम्ल. सांकेतिक अक्षरे लंडनच्या अग्निशमन दलाने बसवलेली आहेत: पहिला आकडा काय मारायचे ते सांगतो (दोन असेल तर पाण्याचे तुषार, तीन असेल तर फेस), आणि शेवटी 'ई' हे इंग्रजी अक्षर असेल तर आसपासची वस्ती हलवण्याचा विचार करा. पेट्रोलच्या पाटीवर हा 'ई' असतो. आमच्या बांधीतल्या त्या चाळीस जणांना तो कोणी वाचून दाखवला असता तर बरे झाले असते.

याच नियमांत चालकासाठीही अट आहे. त्याला एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता यावी, आणि त्याने तीन दिवसांचे प्रशिक्षण घेतलेले असावे. केबिनमध्ये मालाची माहितीपत्रिका असावी. रस्त्यावर थांबलेल्या चालकांना मी ती दाखवायला सांगतो. बहुतेक जण आनंदाने काढून देतात. प्लास्टिकच्या पाकिटात, देवाच्या फोटोमागे जपून ठेवलेली असते. पत्रिका इंग्रजीत असते. बिहारकडच्या एका तरुण चालकाने ती माझ्या हातात देऊन विचारले, "इसमें क्या लिखा है, काका?" मी त्याला रस्त्याच्या कडेला बसून ओळ न् ओळ हिंदीत सांगितली; त्याने ती मोबाइलमध्ये बोलून भरून घेतली. त्याच्या पाटीवर १०१७ होते.